पुंजामामी आणि नानांचं लॉकेट

घोडपदेवात राहणाऱ्या माणसाला पत्ता विचारू नये. तो खोटं बोलतो असं नाही, पण सगळं खरं एकदम बोलत नाही. मुलीचं स्थळ बघायला मंडळी आलेली असली की तो 'भायखळ्याला' राहतो. टॅक्सीवाल्याशी बोलताना तो 'रे रोडच्या पुढे' राहतो. ऑफिसात साहेबांनी विचारलं तर 'माझगाव' म्हणतो, कारण माझगाव म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाग आणि बंगले येतात. आणि उधारी वसूल करायला कोणी येणार असेल तर तो कॉटन ग्रीनच्याही पलीकडे कुठेतरी असतो. एवढं करून पोस्टमन मात्र बरोबर दारात येऊन उभा राहतो. हा पोस्टमन लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

मी १९७८ साली फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालो, दुसऱ्या वर्गात. नंतरची सगळी हयात बंदरावर उतरणाऱ्या मालाच्या पावत्या तपासण्यात गेली. आईनस्टाईनने पेटंट कचेरीत कारकुनी करता करता भौतिकशास्त्र बदललं. मी कारकुनी करता करता कारकूनच राहिलो. पण चाळीने काही ते मनावर घेतलं नाही. चाळीत मला अजूनही 'सायन्स' म्हणतात. फ्यूज उडाला की सायन्सला बोलवा, ग्रहण लागलं की सायन्सला विचारा, आणि दूध नासलं तरी सायन्सच्याच दारात.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या चाळीच्या गणपतीत व्याख्यानाला येणारे वक्ते आयत्या वेळी आले नाहीत. मंडळाच्या सेक्रेटरीने मला बनियनवरून उचलून सदऱ्यात घातलं आणि माईकसमोर उभं केलं. विषय काय, तर मला जो त्यातल्या त्यात कळत नव्हता तो : क्वांटम मेकॅनिक्स. मराठीत त्याला पुंजयामिकी म्हणतात. सेक्रेटरीच्या हातातल्या चिठ्ठीवर मी तसंच लिहून दिलं होतं. त्याने ते डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं आणि जाहीर केलं, "आता पुंजामामींच्याविषयी दोन शब्द सांगतील आपले सायन्स!" बायका पदर सावरून पुढे सरकल्या. कोण ही मामी आणि हिच्याविषयी यांना काय ठाऊक, असे भाव आमच्या सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले.

सभा हातची जाते आहे असं पाहून मी एक वाक्य फेकलं. म्हटलं, "मंडळी, इलेक्ट्रॉन हा आपल्या घोडपदेवकरासारखा असतो. एकाच वेळी भायखळ्यातही आणि माझगावातही! तो कुठेही असू शकतो!" हशा झाला. टाळ्या पडल्या. पुढे मी मेलेल्या-जिवंत मांजराचा उल्लेख केला, 'सगळंच अद्भुत आहे' असं म्हटलं आणि नारळ घेऊन खाली उतरलो. त्या टाळ्यांची रक्कम व्याजासकट मला अलीकडे भरावी लागली.

झालं असं की एका संध्याकाळी शेजारचे नाना गॅलरीतून आले आणि माझ्यासमोर छाती पुढे काढून उभे राहिले. छातीवर काळ्या दोऱ्यात एक काळी चकती, रुपयाच्या नाण्याएवढी.

"ओळख पाहू," नाना म्हणाले.

"शाळिग्राम?"

"अरे, तुझी पुंजामामी! क्वांटम लॉकेट. साडेसात हजार."

नाना गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचा साचा थांबला तो थांबलाच. त्यानंतर त्यांनी भाजी विकली, वॉचमनकी केली, मुलं शिकवली. पैसा कसा मोजून खर्च करावा हे मी त्यांच्याकडून शिकलो. अशा माणसाने साडेसात हजार रुपये एका चकतीवर टाकले म्हणजे काय! मी विचारलं, हे कसं झालं? तर एका हॉलात मोफत शिबिर होतं. चहा होता, बटाटेवडा होता, आणि टाय लावलेला एक तरुण होता. त्याने सांगितलं की शरीर कणांचं बनलेलं असतं, कण कुठेही असू शकतो, म्हणून काहीही होऊ शकतं. आणि आपण ज्या भावनेने पाहू तसा तो कण वागतो. हे लॉकेट त्या कणांना वळण लावतं. सांधेदुखी, मधुमेह, मोबाईलचे किरण, नातवाचं गणित, सगळ्यांवर एकच चकती.

"नाना, हे थापा मारतायत."

"थापा कशा? कण कुठेही असू शकतो हे तूच सांगितलं होतंस की गणपतीत. तो पोरगा म्हणाला तेव्हा मी लगेच ओळखलं. म्हटलं, हे खरं आहे, आमच्या सायन्सचंच आहे."

यावर काय बोलणार? मी त्या पोराविरुद्ध पुष्कळ बोलणार आहे, पण पहिली तक्रार माझ्याविरुद्धच नोंदवून घ्यावी.

आता ती पुंजामामी खरोखर काय म्हणते ते एकदा नीट सांगून टाकतो. टाळ्यांची अपेक्षा नाही.

न्यूटनचं जग म्हणजे कॅरमबोर्ड. स्ट्रायकर कुठे आहे आणि किती वेगाने कुठल्या दिशेने सुटला हे कळलं की सोंगटी कुठे जाणार हे सांगता येतं. राणी घेता येत नाही तो दोष आपल्या बोटांचा, न्यूटनचा नव्हे. मामींच्या जगात ही सोय नाही. कणाची जागा आणि वेग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या तितक्या नेमक्या असूच शकत नाहीत, असं हायझेनबर्गने १९२७ साली सांगितलं. याला मराठीत आपण 'अनिश्चिततेचं तत्त्व' असं नाव दिलं आणि तिथेच घात झाला. अनिश्चित म्हटलं की आपल्याला पाऊस, कर्जाचा हप्ता आणि पाहुण्यांची परतीची तारीख आठवते. पण ही अनिश्चितता तशी मोकाट नाही. तिला आकडा आहे.

तो आकडा लावून बघा. दहा टनांची बेस्टची बस थांब्यावर उभी आहे आणि तिची जागा एका मिलिमीटरइतकी नेमकी ठाऊक आहे असं धरा. मग तिच्या वेगात किती अनिश्चितता राहायलाच हवी? विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे. तितका काळ बस त्या वेगाने सरकत राहिली तरी प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या हिश्शाइतकीही सरकणार नाही! तेव्हा बस उशिरा आली तर डेपोत तक्रार करावी, हायझेनबर्गला मध्ये आणू नये. आता तोच हिशेब इलेक्ट्रॉनला लावा. त्याला अणूएवढ्या, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाएवढ्या खोलीत कोंडलं, की त्याच्या वेगातली अनिश्चितता सेकंदाला निदान ५८० किलोमीटर होते. घोडपदेवहून पणजी, एका सेकंदात. नियम एकच, पण बसला तो लागू असून नसल्यासारखा आणि इलेक्ट्रॉनचा सगळा संसार त्याच्यावर. नानांचा गुडघा या दोघांपैकी कोणाच्या बाजूला येतो हे सांगायला बी. एस्सी. लागत नाही.

बरं, मग कणाच्या हालचालीचं वर्णन मामी करतात तरी कसं? त्या वाट सांगत नाहीत, लाट सांगतात. श्रोडिंगरने १९२६ साली या लाटेचं समीकरण मांडलं. आज लाट कशी आहे हे दिलं की तासाभराने ती कशी असेल हे समीकरण सांगतं, आणि त्यात कसलीही चालढकल नाही. त्याच वर्षी मॅक्स बॉर्नने त्या लाटेचा अर्थ लावला : ठिकठिकाणी लाटेचा जो आकडा असेल त्याच्या आकाराचा वर्ग करा, म्हणजे कण तिथे सापडण्याची शक्यता मिळते. म्हणजे एक कण कुठे सापडेल हे सांगता येत नाही. पण लाख कणांपैकी कुठे किती सापडतील हे मात्र वाण्याच्या वहीसारखं चोख सांगता येतं.

इथे मी गणपतीत जो घोडपदेवकर आणला तो साफ चुकला. घोडपदेवकर भायखळा म्हणाला काय आणि माझगाव म्हणाला काय, राहतो तो एकाच खोलीत, आणि पोस्टमनला ती ठाऊक असते. आपली लपवाछपवी ही लोकांच्या अज्ञानावर चालते. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. त्याची खरी गंमत कळायची तर आमच्या चाळीचे दोन जिने घ्या. गणपतीत नुसता डावा जिना उघडा ठेवला तर सतरा नंबरच्या खोलीसमोर शंभर माणसं येतात आणि एकोणीस नंबरसमोर शंभर. नुसता उजवा उघडला तरी तेवढीच. दोन्ही उघडले तर? प्रत्येकीसमोर दोनशे, हे शेंबडं पोरही सांगेल. इलेक्ट्रॉनांच्या चाळीत मात्र दोन्ही जिने उघडले की सतरा नंबरसमोर कुत्रं फिरकत नाही आणि एकोणीस नंबरसमोर चारशेची रांग लागते! कारण दोन वाटांच्या लाटा एका जागी एकमेकींना मारतात आणि दुसऱ्या जागी एकमेकींना जोर देतात. एकूण बेरीज मात्र चारशेच. एक इलेक्ट्रॉन हरवत नाही, एक जास्त येत नाही.

आणि हे कागदावरचं नाही. १९८९ साली जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला. पडद्यावर एक ठिपका, मग दुसरा, मग तिसरा. सुरुवातीला ठिपके कसेही विखुरलेले, मांडीवरून कुरमुरे सांडल्यासारखे. हजारो ठिपके झाल्यावर मात्र त्यातून पट्टे उमटले : गर्दी, मोकळं, गर्दी, मोकळं. एकाही इलेक्ट्रॉनने दुसऱ्याला विचारलं नव्हतं, तरी सगळ्यांनी मिळून हिशेब पाळला होता. 'काहीही होऊ शकतं' म्हणणाऱ्याने त्या मोकळ्या पट्ट्यांकडे बघावं. तिथे होऊ शकत नाही.

हे मी नानांना गॅलरीत बसून सांगत होतो. नाना एके काळी मटक्याचे जाणकार. साठ-सत्तरच्या दशकांत लालबाग-परळात आकडा न लावणारा गिरणीवाला आणि चहा न पिणारा गिरणीवाला सारखेच दुर्मीळ. नाना म्हणाले, "म्हणजे मटकाच की! दहा आकडे, लागला तर रुपयाला नऊ. दहावा रुपया कुठे जातो ते मला चांगलं ठाऊक आहे."

म्हटलं, जवळ आलात नाना, पण मटक्यात पत्ता उघडण्याआधीच ठरलेला असतो; आपल्याला तो ठाऊक नसतो इतकंच. इलेक्ट्रॉनच्या खिशातही अशी आधीच लिहिलेली चिठ्ठी असेल का, ही शंका आईनस्टाईनलासुद्धा होती. जॉन बेल यांनी १९६४ साली ती तपासायची युक्ती शोधली. आणि तुमचा संप चालू होता ना, त्याच १९८२ साली पॅरिसजवळ ऑर्से इथे आलँ आस्पे यांनी प्रकाशकणांवर तो प्रयोग नेटका करून दाखवला. दूरच्या कणाला तत्क्षणी निरोप पोचत नाही असं धरलं, तर खिशात चिठ्ठी असूच शकत नाही असं निघालं. या कामासाठी आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

"आणि आपण ज्या भावनेने पाहू तसं होतं, ते?"

ते तर सगळ्यात मोठं असत्य. 'निरीक्षण' म्हणजे डोळे मिटून शुभ विचार करणं नव्हे. कणाची नोंद घेणारं एखादं यंत्र, इतकंच काय येऊन आपटणारा एखादा प्रकाशकणसुद्धा पुरतो. त्याला मन नसतं, भावना नसते आणि मधुमेहही नसतो. निरीक्षणाने लाटेचा खेळ मोडतो हे खरं. पण निकाल कुठला लागावा हे निरीक्षकाच्या हाती मुळीच नाही. शक्यता बॉर्नच्या नियमाने ठरतात, मग तुम्ही देवाचं नाव घ्या की दिवाळखोरीचं. मनाने आकडा फिरवता आला असता तर लालबागचे सगळे बुकी १९७० सालीच भीक मागायला लागले असते.

आणि आपल्याच गावचा दाखला हवा असेल तर होमी भाभा. १९०९ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा केंब्रिजला गेला. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या विद्युत्भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर कुठल्या कोनात किती उडतील, याचं सूत्र त्याने काढलं. ते १९३६ साली छापून आलं. एक टक्कर कुठे जाईल हे भाभांनी सांगितलं नाही, सांगता येतच नाही. पण हजारोंचा वाटा इतका नेमका सांगितला, की जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात जे प्रचंड टक्करयंत्र चाललं त्यात एकूण टकरी किती झाल्या हे मोजायला भाभांच्या सूत्राचाच काटा वापरत. ज्याला आपण अनिश्चित म्हणून हिणवतो ते दुनियेत तराजू म्हणून चालतं! भाभांनी १९४५ साली काढलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आज कुलाब्याला आहे. घोडपदेवहून तासाभराच्या अंतरावर. लॉकेटवाला तिथे कधी गेलेला दिसत नाही. खरं म्हणजे मीही गेलो नाही.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बोलतोस छान. पण मला बरं वाटतंय." आणि चकती गंजीफ्रॉकच्या आत सारून निघून गेले. मी वाद जिंकलो असं समजून जेवायला बसलो.

महिन्याभराने रात्री वहिनींनी दार ठोठावलं. नाना मोरीपाशी खाली बसले होते, घामाने डबडबलेले, आणि पायाच्या बोटाला कपडा गुंडाळलेला. मधुमेह मलाही आहे, त्यामुळे घरात साखर मोजायचं यंत्र असतं. बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर लावला. आकडा आला ४१२. वहिनींनी तेव्हा सांगितलं की दीड महिना गोळ्या बंद होत्या. त्या पोराने म्हणे सांगितलं होतं, गोळ्यांनी कणांच्या कामात अडथळा येतो. चपलेने बोटाला झालेली जखम नानांना जाणवलीच नव्हती.

ते यंत्र काय करतं ठाऊक आहे? पट्टीवर रक्तातल्या साखरेची रासायनिक क्रिया होते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि यंत्र त्यांचा प्रवाह मोजतं. साखर जास्त, प्रवाह जास्त. छातीवरच्या चकतीतले इलेक्ट्रॉन काय सांगत होते कोण जाणे, पण पट्टीवरचे इलेक्ट्रॉन खरं बोलले. खऱ्या क्वांटमला वाली नाही तो असा. ते बिचारं मोबाईलच्या चिपमध्ये राबतं, एलईडीच्या दिव्यात राबतं, इस्पितळातल्या एमआरआयमध्ये राबतं, आणि नाव होतं लॉकेटचं.

नाना वाचले. पायाचं एक बोट काढावं लागलं.

माझा राग या बोटापासून सुरू होतो. २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञानाचं म्हणून साजरं केलं. आपल्या सरकारने २०२३ च्या एप्रिलात राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींच्या वर रक्कम मंजूर केली. शब्दाला किंमत आली की त्याचा काळाबाजार सुरू होतो. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण बटाटेवड्याच्या शिबिरात कायदा डोकावत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने किरणांपासून 'रक्षण' करणाऱ्या अशा दहा वस्तू तपासल्या, तर त्या स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या! त्यांत 'क्वांटम' नावाचं लॉकेटही होतं.

पण त्या टायवाल्याला कच्चा माल कोणी पुरवला? आम्ही. फिजिक्सचे चार धडे वाचलेल्या, 'अद्भुत', 'अतर्क्य', 'मती गुंग करणारं' असं म्हणून टाळ्या घेणाऱ्या लोकांनी. गेली कित्येक वर्षं आम्ही मांजर सांगतो आणि हिशेब सांगत नाही. गूढ फुकट वाटतो आणि आकडा घरी ठेवतो, कारण आकड्याला टाळ्या पडत नाहीत. मग ते गूढ कोणीतरी काळ्या दोऱ्यात ओवतो आणि साडेसात हजाराला विकतो. पुन्हा कोणी क्वांटमचं नाव घेऊन 'काहीही होऊ शकतं' म्हणालं तर त्याला एकच प्रश्न विचारावा : किती वेळा? लाखात किती? आकडा नसेल तर ती मामी नव्हे, तोतया आहे.

नाना आता काठी घेऊन गॅलरीत येतात. चकती त्यांनी एका डब्यात घालून डबा माझ्याच दाराबाहेर ठेवला आहे, तुझा माल तूच सांभाळ म्हणून. परवा गोळी घेता घेता एकदम म्हणाले, "सायन्स, तुझं ते आता कळलं बघ. साच्यावर कुठला धागा कधी तुटेल ते ब्रह्मदेवाच्या बापाला सांगता यायचं नाही. पण पाळीत किती तुटतील ते आमचा जॉबर सकाळीच सांगायचा, आणि तेवढेच तुटायचे."

मी चाटच पडलो. चाळीस वर्षांत मला इतकं सोपं सुचलं नव्हतं. तरी आता सवय लावून घ्यायची म्हणून म्हटलं, "नाना, अगदी बरोबर. फक्त एक फरक. तुमच्याकडे दोन साचे चालू केले की तुटलेल्या धाग्यांची बेरीज व्हायची. इलेक्ट्रॉनात कधी कधी वजाबाकी होते."

"ते असेल," नाना म्हणाले, "मामीकडचं ते मामीला. ह्या गणपतीत बोलशील ना? मी पुढच्या रांगेत बसतो. टाळ्या वाजवणार नाही."

मी हो म्हटलं आहे. सेक्रेटरीला चिठ्ठी या वेळी मोठ्या अक्षरात लिहून देणार आहे.